ज्युनो-१०६ घ्यावा की सॉफ्टवेअरवरच भागवावं?

खर्जातला_सा (पुणे)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय तर चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

विषय असा की माझा मावसभाऊ ओसाकाला असतो आणि दिवाळीला घरी येतोय. तिथल्या एका सेकंडहँड वाद्यांच्या दुकानात त्याला रोलंडचा ज्युनो-१०६ (जुना सिंथेसायझर, थोडक्यात सिंथ) दिसलाय, चालू आहे म्हणे, पण भाव ऐकून आईने सरळ विचारलं की तेवढ्यात दुचाकी येते ती का घेत नाहीस. मी हौशी नाटकांना आणि शॉर्टफिल्मना पार्श्वसंगीत करतो, पैसे मिळतात पण दर महिन्याला मिळतातच असं नाही. सध्या लॅपटॉपवर टाल कंपनीचं यू-नो-एलएक्स हे सॉफ्टवेअर वापरतो जी ज्युनो-६० या आधीच्या मॉडेलची नक्कल आहे आणि त्यात मला काहीही कमी वाटत नाही, आता कमी वाटत नाही कारण ते खरंच चांगलं आहे की खरा ज्युनो मी कधी समोर बसून वाजवलेलाच नाही म्हणून, हे मात्र कळायला मार्ग नाही.

तर प्रश्न एवढाच, आवाजात खरोखर फरक पडतो का आणि पडत असेल तर नेमका कुठे? "ऊब असते", "जीव असतो" ही उत्तरं यूट्यूबवर पोतंभर ऐकलीत, त्याच्या पुढचं कुणी सांगेल काय.

डीसीओ_दामले

प्रश्न चांगला आहे पण सिंथ चुकीचा निवडलात :) अ‍ॅनालॉग (खरं सर्किट) विरुद्ध डिजिटल (आकड्यांचा हिशोब) हे भांडण ज्युनोवर लढायचं म्हणजे अर्धी लढाई आधीच डिजिटलने जिंकलेली आहे.

१०६ हा १९८४ चा. त्यातले ऑसिलेटर (मूळ लाट काढणारे भाग) डीसीओ आहेत, म्हणजे आकार अ‍ॅनालॉग सर्किट काढतं पण सूर किती हे एक डिजिटल घड्याळ ठरवतं, त्यामुळे तो बेसूर होतच नाही. एन्व्हलप (सूर कसा उठतो आणि विरतो ते) आणि एलएफओ (आवाज हलवणारी संथ लाट) तर आतला प्रोसेसर हिशोब करून देतो (ज्युनो-६० मध्ये एन्व्हलपच्या वेगळ्या अ‍ॅनालॉग चिप होत्या, हा दोघांतला एक खरा फरक). मग उरलं काय? वेव्हचा आकार, फिल्टर (आवाजातला वरचा भाग कापणारा), व्हीसीए (आवाज लहानमोठा करणारा) आणि शेवटचा कोरस (त्याच आवाजाच्या हलत्या प्रती मिसळणारा). आणि लोक ज्या "ज्युनो साउंड"साठी जीव टाकतात त्यातलं निम्मं श्रेय त्या कोरसचं आहे. आत एमएन३००९ नावाच्या दोन बकेट ब्रिगेड (सिग्नल जरा उशिरा पुढे सोडणाऱ्या) चिप, एकात सिग्नल जरा मागे एकात जरा पुढे हलत राहतो, डावीउजवीकडे सोडला की सहा व्हॉइसच्या (एका वेळी सहा सूर) सिंथचा मोनो आवाज एकदम खोलीभर पसरतो. कोरस बंद करून ऐका कधी, अगदी साधासुधा आवाज आहे, चांगला आहे पण साधा.

हे सगळं नीट मोजता येतं आणि मोजलं गेलेलं आहे. म्हणून ज्युनोच्या नकला सगळ्यात आधी आणि सगळ्यात छान जमल्या. कोरस चालू केल्यावर मागे जी सुस्स होते तीसुद्धा नकलेत घातलेली असते, लोक ती बंद करायचं बटण शोधत बसतात.

ढोलकी_ऑन_बेस

बसलो पॉपकॉर्न घेऊन.

मूगडाळ (न्यू जर्सी)

दामलेकाका, ज्युनोपुरतं मान्य. पण म्हणून सगळंच अ‍ॅनालॉग मोडीत काढू नका. माझ्याकडे मिनीमूग (मूग कंपनीचा सिंथ) आहे, जुना नाही, २०१६ ला त्यांनी परत काढला त्यातला. मूळ मॉडेल डी १९७० चा. तीन व्हीसीओ (व्होल्टेजवर सूर ठरणारे ऑसिलेटर), एक मिक्सर, एक चोवीस डीबीचा (दर सप्तकाला तेवढं कापणारा) ट्रान्झिस्टर लॅडर फिल्टर, एका वेळी एकच सूर. बॉब मूगने लॅडरचं पेटंट १९६९ ला मिळवलं, पेटंट कधीच संपलं, सर्किट सगळ्या जगाला पाठ आहे, तरी अजून लोक "हा बघा आमचा जास्त जवळचा" म्हणून नवनवी नक्कल काढतायत. का काढतायत? पहिलीच जमली असती तर काढली असती का.

मुद्दा असा की नक्कल मधल्या पट्ट्यात नेहमी जमते. कटऑफ (फिल्टर कुठून कापतो ते) अर्ध्यावर, रेझोनन्स (त्या जागचा आवाज किती फुगवायचा ते) थोडा, सूर सरळ, इथे माझ्या आजीलाही फरक कळणार नाही. कडेला जा. तिन्ही ऑसिलेटर मिक्सरमध्ये पूर्ण वर, रेझोनन्स शिट्टी मारायच्या किंचित खाली, तिसरा ऑसिलेटर फिल्टरला ऑडिओच्या वेगाने हलवतोय. किंवा ती जुनी खोडी, हेडफोनच्या भोकातून वायर काढायची आणि मागच्या एक्स्टर्नल इनपुटला घालायची, मग ती नॉब हळूहळू वर न्यायची. आधी आवाज जाड होतो, मग गुरगुरतो, मग बोट मिलिमीटरभर हललं तरी वेगळंच काहीतरी बाहेर पडतं. जुन्या नकला इथेच फजीत व्हायच्या. फिल्टर गोड होता पण चिडायचा नाही.

सोल्डरवाला (मुंबई)

कडेला जा म्हणे. कडेला जाऊन जाऊन तो बिघडला की माझ्याकडेच येणार आहे :)

धागाकर्ते, आवाजाचं हे लोक बोलतायत, मी पोटातलं सांगतो कारण रोज तेच उघडतो. १०६ मध्ये सहा व्हॉइस आणि प्रत्येकाला एक काळी ठोकळी चिप, ८००१७ए, तिच्यात फिल्टर आणि व्हीसीए दोन्ही. त्यावर इपॉक्सीचं आवरण आहे आणि ते आवरण वर्षांनुवर्षांनी खराब होऊन थोडा करंट वाहू द्यायला लागतं, मग एक व्हॉइस कडकड करतो किंवा दाबून सोडला तरी मागे रेंगाळतो किंवा सरळ गप्प होतो, आणि सहा व्हॉइस फिरत्या क्रमाने लागतात त्यामुळे वाजवताना दर सहावा सूर दगा देतो आणि माणसाला वाटतं की आपली कीच खराब आहे. हे जगभर सगळ्यांना माहीत आहे, यात कुणाचा अनुभव वगैरे काही नाही. उपाय पण माहीत आहे, चिप काढून असिटोनमध्ये बुडवून ठेवायची, आवरण मऊ झालं की सोलायचं, बरेचदा चिप पुन्हा बोलायला लागते. नाही लागली तर नव्याने बनवलेल्या बदली चिप मिळतात, पण त्या बाहेरून मागवाव्या लागतात, लॅमिंग्टन रोडला विचारलंत तर दुकानदार तुमच्याकडे दया येऊन बघेल.

आता हवा. पुण्यात तरी बरं, आमच्याकडे जून ते सप्टेंबर जी दमट हवा असते त्यात स्लायडरचा कार्बन, कीखालचे रबरी कॉन्टॅक्ट, सगळं आजारी पडतं. १०६ ला नॉब कमी स्लायडर जास्त, आणि स्लायडरची खाच वर उघडी असते, धूळ सरळ आत. वापरत नसाल तेव्हा कापड टाका, प्लास्टिक टाकू नका, आत घाम धरतो.

आणि तिसरं, हे कुणीच सांगत नाही. जपानी मशीन १०० व्होल्टची. आपल्याकडे २३०. सरळ लावलीत तर आवाज एकदाच येईल आणि तो सिंथचा नसेल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, आणि दुकानात सहज मिळतो तो ११० चा असतो, तो चालतो म्हणतील, पण दहा टक्के जास्त व्होल्टेज म्हणजे आतला रेग्युलेटर कायम गरम, चाळीस वर्षं जुने कपॅसिटर शेजारी बसलेत त्यांना ते सोसत नाही. १०० चाच मागा, बनवून देतात.

खर्जातला_सा (पुणे)

सोल्डरवाले दादा, लई धन्यवाद आणि लई घाबरलो. हे १०० व्होल्टचं मावसभाऊ पण बोलला नव्हता, तो तिथेच राहतो ना, त्याच्या डोक्यातच येणार नाही.

पण आवाजाचा प्रश्न अजून तसाच आहे. मूगडाळ म्हणतात नक्कल कडेला फसते. का फसते? सर्किट माहीत आहे, कॉम्प्युटर एवढा फास्ट आहे, मग अडतंय कुठे?

शून्यविलंब (पुणे)

मी याच लायनीत आहे, पोटापाण्यासाठी ऑडिओचा कोड लिहितो, म्हणून जरा लांबण लावतो. वाचनखूण साठवून निवांत वाचलं तरी चालेल.

दोन मुख्य अडचणी होत्या. पहिली एलियसिंग. करवतीसारखी जी सॉटूथ वेव्ह असते तिच्यात मूळ सुराच्या पटीतले सगळे हार्मोनिक असतात, कागदावर अनंतापर्यंत. सेकंदाला ४४,१०० नमुने (सॅम्पल) घेणाऱ्या, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झच्या सिस्टिमला त्याच्या निम्म्या, २२.०५ च्या वरचं काही धरता येत नाही, आणि जे धरता येत नाही ते गप्प बसत नाही, दुमडून खाली येतं. समजा सूर ३ किलोहर्ट्झचा आहे. आठवा हार्मोनिक २४ ला पाहिजे, तो येतो २०.१ ला. नववा २७ ऐवजी १७.१ ला, दहावा ३० ऐवजी १४.१ ला. यातला एकही ३ च्या पटीत नाही, म्हणजे सुराशी काडीचा संबंध नसलेली पिरपिर. सूर वर सरकवला की ही पिरपिर उलटी खाली सरकते, तेच ते "डिजिटल डिजिटल वाटतं" म्हणतात ना ते बऱ्याचदा हे असतं. १९९५ ला क्लाव्हियाचा नॉर्ड लीड (जुन्या सिंथची डिजिटल नक्कल करणारा सिंथ) आला तेव्हापासून लोक यावर झगडतायत, आता ओव्हरसॅम्पलिंग (जास्त नमुने घेऊन हिशोब करणं) आणि वेव्हचे कोपरे हिशोबाने गोल करायच्या युक्त्या यांनी हे प्रकरण बऱ्यापैकी मिटलंय.

दुसरी अडचण मूगडाळ यांच्या फिल्टरची. रेझोनन्स म्हणजे फिल्टरचा आउटपुट परत त्याच्याच इनपुटला द्यायचा. तारेत ते त्याच क्षणी होतं. कोडमध्ये आउटपुट काढायला इनपुट हवा आणि इनपुट काढायला आउटपुट, आधी कोंबडी की अंडं. जुने प्लगइन (कॉम्प्युटरवरचे सिंथ) काय करायचे, मागच्या सॅम्पलचा आउटपुट उसना घ्यायचे आणि पुढे जायचे. एक सॅम्पल म्हणजे जेमतेम २३ मायक्रोसेकंद, कुणाला काय कळणार? पण फिल्टर १० किलोहर्ट्झला शिट्टी मारत असेल तर तेवढ्याच उशिराने फेज (लाटेची चक्रातली जागा) ८० अंशांहून जास्त सरकतो, जवळजवळ पाव चक्र. म्हणून वरच्या टोकाला त्या फिल्टरची शिट्टी बेसूर व्हायची आणि रेझोनन्सची नॉब भलतीकडेच पकडायची. त्यात लॅडरमधले ट्रान्झिस्टर जोरात सिग्नल आला की स्वतःच चेपतात, सरळ रेषेत वागत नाहीत, म्हणजे समीकरण सोडवायला प्रत्येक सॅम्पलला अंदाज, दुरुस्ती, परत अंदाज असं करत उत्तराजवळ जावं लागतं.

हे सगळं २०११ ला यू-ही कंपनीच्या डिव्हा या प्लगइनने रोजच्या वापरात आणलं. तेव्हा आठवतंय का, "डिव्हाइन" मोड लावला की चांगलाचांगला लॅपटॉप पंखे लावून उडायला बघायचा. मधल्या काळात प्रोसेसर वाढले. व्हादिम झावालिशिनचं या फिल्टरांवरचं अख्खं पुस्तक फुकट उपलब्ध आहे, गणित पेलत असेल तर जरूर बघा. तेव्हा "नक्कल कडेला फसते" हे विधान २००५ साली शंभर टक्के खरं होतं. आज ते कुठल्या नकलेबद्दल बोलताय त्यावर आहे.

मूगडाळ (न्यू जर्सी)

तेच म्हणतोय ना. म्हणजे आम्ही वीस वर्षं "फरक ऐकू येतो" म्हणत होतो तेव्हा तुम्ही लोक "तुमच्या कानांचा भ्रम" म्हणत होता, आणि आता सांगताय की तेव्हा पाव चक्राचा फरक होता. वा!

शून्यविलंब (पुणे)

हाहा, हे मात्र झोंबलं. बरोबर आहे तुमचं.

नाद_खुळा_कोल्हापूर

मला एवढं गणित कळत न्हाई भावांनो पण सरळ प्रश्न, डोळं झाकून कुणी वळखलंय का आजपर्यंत?

शून्यविलंब (पुणे)

ओळखतात की, चाचणी चुकीची घेतली तर सगळेच ओळखतात :) सगळ्यात मोठी गोची आवाजाच्या पातळीची. दोनपैकी जो नमुना थोडा मोठा तो कानाला "जास्त चांगला" वाटतो, तो मोठा आहे हे कळत नाही. म्हणून दोन्ही पातळ्या ०.२ डीबीच्या आत आणल्याशिवाय बोलूच नये. यूट्यूबवरच्या तुलनांत हे बघितलं जात नाही आणि वर माणूस हार्डवेअरकडे बोट दाखवत हसत असतो.

दुसरं, किती वेळा. चारपैकी तीनदा बरोबर आलं म्हणून उड्या मारणारे खूप आहेत, ते नाणं उडवूनही येतं. सोळा फेऱ्या घ्या, त्यात बारा बरोबर आले तर ते नुसत्या नशिबाने व्हायची शक्यता चार टक्क्यांच्या आत, मग आपण म्हणू की हो, याला काहीतरी कळतंय.

आणि दोन्ही फाइल एकमेकांतून वजा करून काय उरतं ते बघायची जी पद्धत आहे ती इथे चालत नाही. खऱ्या मिनीमूगवर तोच सूर दोनदा रेकॉर्ड केला तरी ते दोन एकमेकांतून वजा होत नाहीत, ऑसिलेटर मोकळे फिरत असतात, दर वेळी वेगळ्या जागी सापडतात. म्हणजे तो सिंथ स्वतःचीच नक्कल म्हणून नापास होईल.

मिरजेचा_तंबोरा

इतका वेळ नुसतं वाचत होतो, पण हे मोकळं फिरणं आलं म्हणून लिहितो. आमच्या घरात तंबोऱ्याचं काम चालतं आणि हेच भांडण आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक तंबोरा आल्यापासून चालू आहे, आता तर मोबाइलवरच आला. पेटीतला तंबोरा बेसूर होत नाही, कंटाळत नाही, रियाजाला बसलेल्या पोराला त्याच्याइतका चांगला मित्र नाही. पण जोडीच्या दोन तारा आहेत ना मधल्या, त्या कधी तंतोतंत एक नसतात, केसभर फरकाने त्या एकमेकींभोवती फिरतात आणि त्या फिरण्यातून तिसरंच काहीतरी ऐकू येतं. एक २२० ला आणि दुसरी २२०.५ ला असेल तर दर दोन सेकंदांनी एक हेलकावा. आता हेलकावा यंत्रात घालता येतो, घालतातही, फक्त यंत्रातला हेलकावा दर वेळी त्याच जागी येतो आणि गाणाऱ्याला तो पंधरा मिनिटांत पाठ होतो. जवारीचा दोरा (घोडीवर तारेखाली असतो तो) कुठे सरकवलाय त्यावर हार्मोनिक कसे उघडतात ते तर आणखी वेगळं.

माझा प्रश्न मूगडाळ यांना. तुमच्या त्या व्हीसीओला हवामान किती बाधतं? आमच्या तारांना तर पंखा लावला तरी कळतं.

मूगडाळ (न्यू जर्सी)

काका, अगदी बाधतं. व्होल्टेज दर सप्तकाला एक व्होल्ट वाढतं आणि ट्रान्झिस्टर त्याचं फ्रीक्वेन्सीत रूपांतर करतो. तो ट्रान्झिस्टर तापमान ओळखून असतो. काहीच भरपाई केली नाही तर दर अंशाला साधारण ०.३३ टक्के फरक, म्हणजे सप्तकामागे ४ सेंट (सप्तकाचे १२०० सेंट). त्यासाठी सर्किटमध्ये उलट्या बाजूने बदलणारा खास रेझिस्टर घालतात. जुन्या मिनीमूगचे सुरुवातीचे बोर्ड तरीही ट्यूनिंगला बदनाम होते, चालू करून अर्धा तास तापू द्यायचे आणि मग सूर लावायचे.

मिरजेचा_तंबोरा

म्हणजे पाच सप्तकं वर गेलं की एका अंशाला २० सेंट. ती जवळजवळ एक प्रमाणश्रुती (सुराचं शास्त्रात मोजलेलं बारीक अंतर) झाली हो! एसी चालू केला की शुद्ध धैवत सरकला.

(छान वाटलं, आमच्यासारखेच आहात तुम्ही लोक.)

डीसीओ_दामले

आणि याच कारणासाठी डीसीओ आले बरं का. १९८० च्या आसपास सगळ्यांना हा वैताग नको होता, घड्याळाने बांधलेला सूर ही तेव्हा जाहिरात करायची गोष्ट होती. आता आपण उलट सॉफ्टवेअरमध्ये "ड्रिफ्ट" नावाची नॉब पैसे देऊन घेतो. डिव्हात तर प्रत्येक व्हॉइसला वेगवेगळा थोडाथोडा बिघडवायचं अख्खं पान आहे.

ॲसिड_अण्णा (ठाणे)

अवांतर होतंय पण सिंथचा धागा आणि टीबी-३०३ (बेससाठीचा छोटा सिंथ) नाही म्हणजे पाप. १९८१ ला रोलंडने काढला, एकट्या गिटारवाल्याला मागे बेस वाजवणारा जोडीदार म्हणून. बेस गिटारसारखा अजिबात वाजला नाही, १९८४ पर्यंत गुंडाळला. मग शिकागोतल्या पोरांनी तो स्वस्तात उचलला, चालू असताना नॉब पिरगाळल्या आणि १९८७ ला फ्यूचर या गटाच्या रेकॉर्डवरून अ‍ॅसिड हाउस (नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत) सुरू झालं, ही झाली जगाला माहीत असलेली गोष्ट.

पण त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ ला, आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी ३०३, टीआर-८०८ (ड्रम मशीन) आणि ज्युपिटर-८ (मोठा सिंथ) एवढ्यावर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग रेकॉर्ड करून ठेवले होते! हिंदी सिनेमातले वादक माणूस. रेकॉर्ड कुणाच्या लक्षातही राहिली नाही, २०१० ला परदेशात पुन्हा निघाली तेव्हा लोक कानाला हात लावायला लागले, इतके की हे खोटं असेल, आत्ताच कुणीतरी बनवून जुनं म्हणून खपवलं असेल अशीही चर्चा झाली. ते २०१५ ला गेले. ३०३ मधली स्लाइड एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाते ती भैरवीत कशी बसलीय ते ऐकाच, मींड यंत्राकडून काढून घेतलीय माणसाने.

आता नकलेच्या मुद्द्यावर. ३०३ ची नक्कल सोपी वाटते, एक ऑसिलेटर, एक फिल्टर, संपलं. (फिल्टर १८ डीबीचा असं सगळीकडे लिहिलेलं असतं, तो चार पोलचाच, म्हणजे २४ डीबीचा आहे.) तरी वर्षानुवर्षं जमत नव्हती आणि चूक आवाजात नव्हतीच. चूक अ‍ॅक्सेंटमध्ये होती. ठरावीक सुरावर जोर द्यायचा तो अ‍ॅक्सेंट; पाठोपाठच्या सुरांना अ‍ॅक्सेंट दिला की आतला एक कपॅसिटर पूर्ण रिकामा व्हायच्या आत परत भरतो, म्हणून दुसरा अ‍ॅक्सेंट पहिल्यापेक्षा वर उडी मारतो, तिसरा आणखी वर. नक्कल करणाऱ्यांनी प्रत्येक अ‍ॅक्सेंट सारखा ठेवला आणि सगळे म्हणत बसले की फिल्टर बरोबर नाही, फिल्टर बरोबर नाही. मला वाटतं बऱ्याच नकलांचं हेच होतं, ऐकणारा बरोबर तक्रार करतो पण चुकीच्या भागाकडे बोट दाखवतो.

मूगडाळ (न्यू जर्सी)

अण्णा, जबरी प्रतिसाद. आणि मुंबईच कशाला, अहमदाबादच्या एनआयडीत (डिझाइनची राष्ट्रीय संस्था) १९६९ ला अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अख्खं मूग मॉड्युलर (सुट्या भागांचा मोठा सिंथ) बसवून दिलं होतं, तिथे केलेली टेप रेकॉर्डिंगं पुढे कितीतरी वर्षांनी बाहेर आली. मिनीमूग जन्मायच्या आधी हे आपल्या शेजारी चालू होतं.

समुद्रफेस (मडगाव)

मी स्टेजवर वाजवते म्हणून वेगळ्या बाजूने लिहिते. तुम्ही सगळे रेकॉर्डिंगबद्दल बोलताय. लाइव्हमध्ये पीएमधून (सभागृहाच्या स्पीकरमधून), बाजूला ड्रम्स, समोर लोक बोलतायत, तिथे अ‍ॅनालॉग की नक्कल हे प्रेक्षकांतल्या एकालाही कळत नाही, मला स्वतःलाही कळत नाही. तरी मी हार्डवेअर नेते. का, तर अंधारात हात बरोबर कटऑफवर जातो. लॅपटॉपवर सगळं आहे पण काहीतरी निवडायला बघावं लागतं, आणि बघायला लागले की वाजवणं थांबतं.

लेटन्सीची (की दाबल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराची) भीती मात्र उगाच घालतात लोक. ४८ किलोहर्ट्झला ६४ सॅम्पलचा बफर म्हणजे १.३ मिलिसेकंद, इंटरफेसचं जाणंयेणं धरून दुप्पटतिप्पट करा, तरी मॉनिटर दोन मीटरवर असेल तर आवाजाला हवेतून यायलाच सहा मिलिसेकंद लागतात.

पण एक गोष्ट सॉफ्टवेअरवाले बोलत नाहीत. २०१९ ला मॅकच्या कॅटालिनाने ३२ बिटचे प्लगइन एका अपडेटमध्ये बंद पाडले. माझे काही लाडके आवाज त्यात गेले, विकत घेतलेले. १०६ ला १९८३ च्या मिडीची (वाद्यं एकमेकांना जोडायची पद्धत) तीच पाच पिनी वायर आज लावा, चालतो. हे म्हटल्यावर सोल्डरवाले म्हणतील चालतो म्हणजे चालवावा लागतो.

सोल्डरवाला (मुंबई)

चालवावा लागतो :)

खर्जातला_सा (पुणे)

खूपच माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. मी काल एक केलं, माझ्या एका जुन्या नाटकाची सेशन उघडली आणि बघितलं की मी एकाच वेळी किती ज्युनो लावलेत. पॅड वेगळा, बेस वेगळा, मधे एक घंटेसारखा, चौथा नुसता वाऱ्यासारखा आवाज काढायला. खरा ज्युनो एक, सहा सूर आणि एका वेळी एकच पॅच (आवाजाची मांडणी). प्रत्येक भाग वेगळा वाजवून रेकॉर्ड करायचा. आणि दिग्दर्शक तालीम बघून रात्री अकराला फोन करणार की ती दुसऱ्या अंकातली वाऱ्याची जागा जरा कमी भेसूर करा. सॉफ्टवेअरमध्ये पाच मिनिटं, हार्डवेअरमध्ये परत सगळं मांडायचं.

दामलेकाकांचं गणित पटलंय, ज्युनोची नक्कल आवाजासाठी पुरेशी आहे. समुद्रफेसताई म्हणतात ते हाताचं पण पटलंय. म्हणून आता असं ठरवतोय की कामासाठी सॉफ्टवेअरच, पण भाऊ येणारच आहे आणि मशीन चांगली असेल तर घ्यायचीही इच्छा आहे, काम म्हणून नाही, हौस म्हणून. आईला काय सांगायचं ते बघू.

नाद_खुळा_कोल्हापूर

हौस म्हनल्यावर गणित संपलं भावा. घेऊन टाक.

डीसीओ_दामले

हौस असेल तर एक सुचवणी, आधी स्लायडर असलेला स्वस्त मिडी कंट्रोलर घ्या आणि यू-नो-एलएक्सच्या पॅनलला एकास एक जोडा. महिनाभर माउसला हात लावायचा नाही. त्यानंतरही ओसाकाच्या ज्युनोची आठवण येत असेल तर ती हौस खरी.

शून्यविलंब (पुणे)

दामलेंना +१. आणि आवाजाचंच कुतूहल असेल तर सर्ज एक्सटी हा सॉफ्टवेअर सिंथ फुकट आहे, ओपन सोर्स आहे, कंपनी बंद पडायची भीती नाही, कोडसुद्धा वाचता येतो. त्यात लॅडर फिल्टरचे वेगवेगळे प्रकार शेजारीशेजारी लावून कडेला काय होतं ते स्वतः ऐका.

सोल्डरवाला (मुंबई)

मंडळी, महिनाभराचं जाऊ दे, दिवाळी त्याआधी येतेय. भावाने दुकानात काय बघायचं ते सांगतो, त्याला असंच्या असं पाठवा.

'की ट्रान्सपोज' लिहिलेलं बटण दाबून धरायचं आणि तसंच धरून मशीन चालू करायची. टेस्ट मोड लागतो. आता एकेक की दाबली की डिस्प्लेवर कुठला व्हॉइस वाजतोय त्याचा आकडा दिसतो, एक ते सहा. एकच की सहा वेळा दाबायची आणि प्रत्येक आकड्याला कान देऊन ऐकायचं, सहाही सारखे वाजले पाहिजेत. एखादा जास्त मोठा, एखादा बुडबुडल्यासारखा, एखादा सोडल्यावर मागे सुर्र करत राहिला तर ती चिप चाललीय. हे थंड मशीनवर करू नका, दुकानदाराशी गप्पा मारत वीसपंचवीस मिनिटं चालू ठेवा, आजारी चिप बऱ्याचदा तापल्यावरच बोलते. मग कोरसची दोन्ही बटणं एकेक दाबून बघा, थोडी सुस्स आली तर घाबरू नका ती असतेच, पण एका बाजूने आवाज गेला तर नको. प्रत्येक स्लायडर खालून वर हळू नेताना खरखर ऐका. आत चिप आधी बदलल्यात का ते विचारा, बदलल्या असतील तर ती उलट चांगली बातमी, भाव पाडू नका त्यावरून.

मागच्या पट्टीवर व्होल्टेज लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून आणा म्हणजे ट्रान्सफॉर्मर आधीच बनवून ठेवता येईल. मशीन मीटरभर लांब आहे आणि दहा किलो, विमानात नेहमीच्या बॅगेत बसत नाही, एअरलाइनला आधी विचारायला सांगा. स्लायडरच्या टोप्या प्रवासात हमखास पडतात, त्या काढून वेगळ्या पुडीत आणा.

खर्जातला_सा (पुणे)

पाठवलं. तो विचारतोय सहापैकी पाच चालत असतील तर किती कमी करून मागू.

सोल्डरवाला (मुंबई)

एक गेली असेल तर बाकीच्या पाच पण त्याच वयाच्या आहेत. सहा चिपचे पैसे वजा करून माग म्हणावं.